हा आवाज कोणाचा?



ज्या चालकाच्या हाताखाली एकच बस वर्षानुवर्षे असते, त्याला तिचे सारे आवाज पाठ झालेले असतात. सकाळी गार इंजिन सुरू होतानाचा खडखडाट, चढावर गिअरचे घुमणे, मागच्या दाराची करकर, यांतला एखादा आवाज बंद पडला तरी तो दचकतो. पण बदली चालकाच्या हाती अनोळखी गाडी येते, किंवा आपल्यासारखा उतारू सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतो, तेव्हा सगळेच आवाज नवे असतात. आणि त्यांतला निरुपद्रवी कोणता व घातक कोणता, हे ठरविणे अवघड होऊन बसते. ते ठरविण्याच्या रीतीविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे. मी यंत्रज्ञ नव्हे, शाळेत मराठी शिकविणारा शिक्षक आहे. आणि गंमत अशी की, या रीतीचे मूळ मला व्याकरणाच्या तासातच सापडते.

प्रयोग ओळखायचा झाला तर आपण काय करतो? ‘मुलगा आंबा खातो’ या वाक्यात मुलाच्या जागी मुलगी घातली की ‘खातो’चे ‘खाते’ होते. म्हणून तो कर्तरी. ‘मुलाने आंबा खाल्ला’ येथे मुलीला आणून काही फरक पडत नाही, पण आंब्याच्या जागी चिंच येताच ‘खाल्ली’ म्हणावे लागते. म्हणून तो कर्मणी. एका वेळी एकच शब्द बदलायचा, बाकीचे जागच्या जागी ठेवायचे, आणि क्रियापद कोणाच्या मागे जाते ते पाहायचे. गाडीच्या आवाजालाही हाच न्याय लागू पडतो. धनी मुख्यतः तीन : इंजिन, चाके आणि वारा. आवाज कोणाची आज्ञा पाळतो, एवढेच शोधायचे असते.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून, गिअर काढून इंजिनाची गती वाढवावी. चालत्या गाडीत येणारा आवाज येथेही आला आणि इंजिनाबरोबर चढू-उतरू लागला, तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या आश्रितांचा : पंख्याच्या पट्ट्याची किंचाळी, सायलेन्सरच्या सांध्यातून निसटणाऱ्या धुराची फसफस, हवेच्या पंपाची खटखट. उभ्या गाडीत तो आलाच नाही, तर संशय चाकांवर आणि वाऱ्यावर जातो. मात्र चालत्या गाडीत गिअर काढून पाहण्याचा मोह कोणी, निदान उतारावर तरी, धरू नये. घाटात इंजिनाची ओढ हाच अर्धा ब्रेक असतो. आवाजाचे कोडे सोडविण्यासाठी तो सोडून देणे म्हणजे घराला वाळवी लागली की काय हे पाहण्यासाठी आढेच काढून घेण्यासारखे आहे.

येथे थोडे गणित केले तर कानाला मोठा आधार मिळतो. बसच्या चाकाचा व्यास टायरसकट एक मीटरहून थोडा अधिक आणि परीघ सुमारे सव्वातीन मीटर असतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेते, आणि ताशी १२ किलोमीटर वेगाला एकच. उलट, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्यात सेकंदाला ७५ स्फोट होतात. पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात. पंच्याहत्तर ठोक्यांचा एकच घुमारा होतो. तेव्हा जो ठोका बोटांवर मोजता येतो आणि गाडी मंदावली की मंदावतो, त्याचा शोध चाकाच्या आसपास घ्यावा. बहुधा तो दुहेरी टायरांच्या फटीत अडकलेला दगड असतो. क्षुल्लक वाटतो खरा, पण तो टायर कापू शकतो.

चाकांकडची गुरगुर रस्त्याची की बेअरिंगची, हा पुढचा प्रश्न. रस्त्याची असेल तर डांबर संपून काँक्रीट लागताच ती बदलते, आणि पुलावरील सांध्यांवर तिला ठेका येतो. बेअरिंगला रस्ता कसला आहे याची पर्वा नसते. त्याला कळतो तो भार. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळली की डाव्या. म्हणून डाव्या वळणावर वाढणारी व उजव्या वळणावर दबणारी गुरगुर बहुधा उजव्या बाजूची असते. घाटातील नागमोडी वळणे ही परीक्षा आपोआप घेतात. ऐकणारा कान तेवढा जागा हवा.

वाऱ्याचा आवाज मात्र अंगचोर. सावकाश जाताना त्याचा पत्ता नसतो, आणि वेग वाढला की तो अंगावर धावून येतो. ढोबळ हिशेबाने वेग दुप्पट झाला तर वाऱ्याच्या आवाजाची शक्ती दुपटीने किंवा चौपटीने नव्हे, तर सुमारे ६४ पटीने वाढते. टपावरील कॅरिअरच्या सळयांतून येणारी शीळ ही विजेच्या तारांच्या गुणगुणण्याचीच बहीण. स्ट्रोहाल या शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले की, हा सूर वाऱ्याच्या वेगाबरोबर चढतो आणि तार जाड असेल तर उतरतो. अंगठ्याएवढी, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीची सळई ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १६० कंपनांचा सूर काढते. हा वारा ओळखण्याची युक्ती सोपी आहे : संशयित फटीवर चिकटपट्टी लावावी आणि त्याच रस्त्याने, त्याच वेगाने पुन्हा जावे. शीळ गेली तर फट सापडली.

आता शब्दांविषयी दोन शब्द, कारण तो माझा प्रांत. यंत्रशाळेत जाऊन ‘गाडी आवाज करते’ असे सांगणारा माणूस वैद्याला ‘मला बरे नाही’ एवढेच सांगणाऱ्या रोग्यासारखा असतो. आपल्या भाषेत नादशब्दांची केवढी श्रीमंती आहे! खडखड सैल पत्र्याची, घरघर कोरड्या फिरत्या भागाची, करकर घासणाऱ्या सांध्याची, फडफड सुटलेल्या ताडपत्रीची, फुस्स हवेची. योग्य शब्द सापडला की निम्मे निदान झाले. बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी टिचकी मारून ‘वाजवून घेत’, ते याच विद्येने. आणि ट्रकचा क्लीनर लोखंडी दांडा टायरवर आपटतो तोही तिचाच विद्यार्थी. दुहेरी टायरांतला आतला बसला तर तो डोळ्यांना दिसत नाही, आणि बाहेरचा एकटाच दोघांचा भार वाहत तापत जातो. पण दांड्याला खणखणीत उत्तर देणारा टायर कोणता आणि ‘बद्द’ म्हणणारा कोणता, हे लगेच कळते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास निघाली होती. भाड्याने घेतलेली बस चालकाच्या हाती प्रथमच आली होती. जांबोटी मागे पडल्यावर त्याने मुलांचे गाणे थांबवायला सांगितले, तेव्हा आमच्यापैकी काहींना ते रुचले नाही. त्याने गाडी अगदी सावकाश चालविली, मग किंचित वेगाने, पुन्हा सावकाश. डावीकडून, मागून, चाकाच्या फेऱ्यागणिक एक बारीक ‘टक्’ येत होती. कणकुंबीला घाट उतरण्यापूर्वी त्याने गाडी उभी केली आणि सर्वांना खाली उतरविले. उभ्या गाडीत इंजिनाची गती वाढवून पाहिली, ‘टक्’ नाही. मग तो चाकाशी बसला. एका नटाखालून तांबूस गंजाची ओघळ आली होती, आणि पाना लावताच एक सोडून तीन नट हाताच्या जोराने फिरले. गंजाची ती ओघळ म्हणजे सैल नट आपल्या जागी घासत असल्याची खूण. जवळच्या गावातून कारागीर येऊन त्याने चाक काढून तपासून पुन्हा बसवीपर्यंत अडीच तास गेले. मंगेशीचे दर्शन हुकले, याबद्दल तक्रारी झाल्या. मुले बेचाळीस होती, आणि पुढे सगळा उतार होता. या हिशेबात मला तरी तक्रारीस जागा दिसली नाही.

उलटही घडते. आवाज घालविणे आणि आवाजाचे कारण घालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जर्मनीतील एका मोठ्या अपघाताने दाखविले. तेथील वेगवान आगगाड्यांत एकसंध पोलादी चाके झिजून घुमू लागली, भोजनाच्या डब्यातील भांडी थरथरू लागली. म्हणून चाक आणि त्याची पोलादी धाव यांच्यामध्ये रबराचा थर असलेली चाके बसविण्यात आली. प्रवास शांत झाला. परंतु वाकून वाकून त्या धावेला आतल्या बाजूने चीर जाऊ लागली, आणि ३ जून १९९८ रोजी एशेडे गावाजवळ ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची धाव तुटली. तुटलेले पोलाद डब्याची जमीन फोडून वर आल्याचे एका उतारूने गाडीवरील कर्मचाऱ्यास जाऊन सांगितले. तथापि आधी स्वतः पाहून मगच गाडी थांबवावी, असा नियम त्या कर्मचाऱ्याने पाळला. ते दोघे जागेवर पोहोचतात तोच गाडी रुळांवरून घसरली. १०१ माणसे मृत्युमुखी पडली.

म्हणून आपण उतारू असलो तरी कानावर आलेली गोष्ट वाहकाला सांगावी, आणि नेमकी सांगावी : कोणत्या बाजूने, कोणत्या वेगाला, वळणावर वाढतो की ब्रेक लावल्यावर, मोजता येतो की नाही. ‘काहीतरी वाजते आहे’ या वाक्याने चालक फक्त वैतागतो.

पुण्यात, हैदराबादेत, गोव्यात आता विजेच्या बसगाड्या धावतात, आणि तेथे हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. डिझेलच्या घुमाऱ्याखाली जे आवाज दडून होते ते सारे त्यांत उघडे पडतात : टायरांची सळसळ, खिडकीच्या काचेची किणकिण, आसनाखालच्या सैल खिळ्याची कुरकुर. ते गाडीत नवे नसतात, कानाला नवे असतात. थांब्यावर उभी असलेली निःशब्द गाडी मध्येच जमिनीखालून खटखटू लागली की नवखा उतारू उठून उभा राहतो. तो ब्रेकसाठी हवा भरणारा पंप असतो. पूर्वी तो इंजिनाबरोबर अखंड फिरे. आता त्याला स्वतःची मोटार आहे, आणि हवेची टाकी भरली की तो आपोआप थांबतो.