पहिला पगार : विचारावा कसा, मोजावा कसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाह बाईंनी मला ‘पहिला पगार’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, माझे पगार घेण्याचे दिवस संपले, आता पेन्शनवर बोलते. पण त्यांनी ऐकले नाही. आणि त्यांचेही बरोबर आहे. आपल्या दिंडोशीत हल्ली घराआड एखादा मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. नाहीतर बी.ए.एफ. झालेली असते. निकाल लागला की जिन्यात आणि भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न ऐकू येतो, “कितीवर लागली हो?”

मी 1978 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले. पगार किती मिळेल हे मी कोणाला विचारले नाही, कारण विचारण्याची गरजच नव्हती. 1966 पासून बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारांनी आमचे पगार ठरत आले. मूळ वेतन किती, महागाई भत्ता किती, सारे छापील. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्याच दिवशी लागला आणि त्याचा व माझा आकडा एकच होता. आजही तिथे तसेच आहे. मार्च 2024 मधल्या समझोत्याप्रमाणे नव्या कारकुनाचे मूळ वेतन 24,050 रुपये आणि नव्या अधिकाऱ्याचे 48,480 रुपये, भत्ते वेगळे. अडचण एवढीच की जागा थोड्या आणि परीक्षा देणारे लाखो.

म्हणून बहुतेक मुले खाजगी कचेऱ्यांकडे वळतात. गोरेगावचा निर्लॉनचा कारखाना तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. जिथे नायलॉनचे सूत निघे, तिथे आज काचेच्या इमारती आहेत आणि परदेशी बँकांचे हिशेब लिहिले जातात. अशा कचेऱ्यांतून कराराचा छापील तक्ता नसतो. तिथे आकडा बोलण्यातून ठरतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि त्याची किंमत माझ्या नातीने मोजली.

नात बी.ए.एफ. चांगल्या गुणांनी पास झाली. एका कंपनीने (नाव सांगत नाही) वर्षाला तीन लाख देऊ केले. ती म्हणाली, “आजी, थोडे वाढवून मागू का?” मी म्हटले, “पहिलीच नोकरी आहे. देतात ते मुकाट्याने घे. मागणारी मुलगी लोकांच्या डोळ्यांवर येते.” तिने माझे ऐकले. मी मात्र सगळ्या मजल्यावर पेढे वाटून सांगत सुटले, “महिना पंचवीस हजार!”

पहिल्या महिन्याला तिच्या हाती आले वीस हजार चारशे. पोर रडवेली झाली. मला वाटले, कंपनीने फसवले. चष्मा लावून तो कागद वाचला, तेव्हा कळले की फसवले कोणी नव्हते. आम्हीच नीट वाचले नव्हते. तीन लाख हा पगार नव्हे, तो ‘सीटीसी’, म्हणजे तिच्यापायी कंपनीला पडणारा वर्षाचा सगळा खर्च.

हा हिशेब तुम्ही घरी मांडून पाहा. पंचवीस हजारांत मूळ पगार साडेबारा हजार. त्यावर 12 टक्के, म्हणजे दीड हजार, कंपनीने भरावयाचा प्रॉव्हिडंट फंड. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे सहाशे. आणि कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षे झाल्यावाचून मिळत नाही. वर्षअखेरच्या बोनसचे महिना हजार. हे सारे वजा झाल्यावर मुलीच्या वाट्याचा दीड हजार फंड. उरले वीस हजार चारशे. फंडाचे पैसे बुडत नाहीत, तिच्याच नावावर जमतात, काही भाग पेन्शन योजनेत जातो. पण ते पैसे घरभाड्याला किंवा रेल्वेच्या पासाला उपयोगी पडत नाहीत. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर स्त्रियांना व्यवसाय कर लागत नाही. मुलाच्या पगारातून तेवढ्यावर महिना दोनशे कापले जातात.

हे मी सोसले असते. पण पुढच्या महिन्यात नातीला कळले की तिच्याच वर्गातला, तिच्याच बरोबर लागलेला मुलगा महिना दोन हजारांनी पुढे आहे. गुण तिचे जास्त, काम तेच. फरक कसला? त्याने मुलाखतीत नम्रपणे विचारले होते, “यात थोडी वाढ होऊ शकेल का?” बस्स. नात मला म्हणाली, “आजी, तुझ्या बँकेत मागायची गरज नव्हती. मला होती.” त्या रात्री मला झोप लागली नाही. समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्या देशात 1976 साली झाला. पण आपणच लेकीच्या तोंडावर हात ठेवला, तर कायदा कोणाच्या तोंडून बोलणार?

सहा महिन्यांनी तिने केलेल्या कामाची यादी एका कागदावर लिहिली आणि साहेबांपुढे ठेवली. दीड हजार वाढले. पाचशे अजून बाकी आहेत. ते माझ्या खात्यावर मांडा!

आता उलट बाजूही सांगते. काही घरी मोठ्या व्यवस्थापन संस्थांचे आकडे वाचून मुले सहा लाखांच्या खाली बोलायलाच तयार नसतात आणि वर्षभर घरी बसतात. तेही नको. सी.ए. करणाऱ्या मुलाच्या विद्यावेतनाची शेजारणीच्या मुलाच्या पगाराशी तुलना करू नका. 2023 पासून ही उमेदवारी तीनाऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ते शिकण्याचे दिवस; त्यांचा मोबदला पुढे मिळतो.

तेव्हा भगिनींनो, मुलीच्या हाती नेमणुकीचा कागद आला की सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला लावा. दर महिन्याला हातात किती? पहिल्या वर्षी शिकायला काय मिळेल? आणि यात वाढ होईल का? तिसरा प्रश्न विचारताना तिचा आवाज कापला तरी चालेल. विचारायचा राहू नये. आणि जिन्यात भेटल्यावर “कितीवर लागली?” असे न विचारता “काम आवडले का ग?” असे आपण विचारू या. पेढे तर दोन्ही उत्तरांना गोडच लागतात.