वीस मिनिटं आणि एक बॅलाड



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. ते मी रोज ऑफिसात नऊ तास करते, म्हणून आज पियानोवर बोलते.

ॲलन रस्ब्रिजर हे लंडनच्या 'द गार्डियन' दैनिकाचे संपादक होते. हौशी पियानोवादक. पन्नाशी उलटल्यावर, २०१० साली त्यांनी ठरवलं की वर्षभरात शोपँची जी मायनरमधली पहिली बॅलाड बसवायची. १८३६ साली छापून आलेली ही रचना जेमतेम नऊ-दहा मिनिटांची आहे. सुरुवात इतकी संथ, की ऐकताना वाटतं, हे आपल्यालाही जमेल! एकूण २६४ बार. त्यातल्या २०८व्या बारपासून शेवटचा भाग सुरू होतो आणि तिथे शोपँनं लिहिलंय, अतिद्रुत आणि आगीसारखं. दोन्ही हात लांब लांब उड्या मारतात, तेही बोटं दमलेली असताना.

आणि वर्ष कोणतं निवडलं, तर विकिलीक्सचं! पाठोपाठ फोन हॅकिंगचं प्रकरण आलं, त्यात १६८ वर्षांचं एक साप्ताहिक बंद पडलं. मधेच त्यांचा एक बातमीदार लिबियात अटकेत पडला, म्हणून हे तिकडे गेले, तर तिथल्या हॉटेलातही पियानोवर बसले. रोजची वीस मिनिटं, बहुतेक सकाळची. (सकाळचा डबा दुसरं कुणी भरत असेल तर वीस मिनिटं सापडतात, हे इथल्या मैत्रिणींना सांगायला नको.)

मला त्यांनी वेळ काढल्याचं तितकं अप्रूप नाही. वीस मिनिटांत पूर्ण रचना वाजवत बसलं की सोपा भागच घोटला जातो. अवघड चार बार वेगळे काढायचे, कुठल्या सुराला कुठलं बोट ते पक्कं करायचं, एकेका हातानं, कंटाळा येईल इतक्या सावकाश. प्रोग्रॅममधली चूक आम्ही अशीच शोधतो.

दुसरी अडचण पाठांतराची. नुसतं बोटांना पाठ असलं तर मधे अडखळल्यावर पुढचं सापडत नाही. गुरुजी 'तेरा साते' विचारायचे आणि आपण मनात तेरा एके तेरापासून सुरू करायचो, तसंच. त्यासाठी कुठल्या सुरांवरून कुठे जातोय हे डोक्यातही असावं लागतं. या वयात ते राहील का, असं रस्ब्रिजरनी मेंदूच्या शास्त्रज्ञालाच विचारलं. राहील, असं उत्तर मिळालं. वर्ष मात्र पुरलं नाही. बॅलाड लोकांसमोर वाजली ती २०११च्या डिसेंबरात.

"आता चाळिशीनंतर डोक्यात काही राहत नाही" हे वाक्य मी कालपासून इथे निदान सहा जणांकडून ऐकलंय. त्यातली एक दहावीपर्यंत रोज प्रार्थनेला पेटी वाजवायची. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि शाळेची पेटी अजून संगीताच्या खोलीत आहे. मी सकाळीच पाहून आले. भाता चांगला आहे.