पिप्पीची आई, लार्सची आई

(गटाच्या वाचनसभेत केलेलं भाषण)



मुलांसाठी लिहिणारी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक प्रेमळ, निरुपद्रवी आजी येते. स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडग्रेनलाही तिच्या देशाने बरीच वर्षं तसंच पाहिलं. तिची पुस्तकं शंभराहून अधिक भाषांत गेली, २००२ मध्ये ती वारली तेव्हा सगळा देश हळहळला. आज मला तिच्या पुस्तकांआधी तिच्या आयुष्यातल्या चार वर्षांबद्दल बोलायचं आहे. १९२६ ते १९३०. तेव्हा तिला लेखिका म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ती एक कुमारी माता होती.

अॅस्ट्रिडचा जन्म १९०७ चा, विमरबी गावाजवळच्या नेस या शेतावरचा. वडील खंडाने शेती करत. शाळा संपल्यावर ती गावातल्या वर्तमानपत्रात उमेदवारी करू लागली. लिहिण्याचा हात चांगला होता. केस कापून टाकणाऱ्या गावातल्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक, त्यामुळे बोलणी आधीपासूनच सुरू होती. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. मूल होतं तिच्या संपादकाचं. तो पन्नाशीला टेकलेला, सात मुलांचा बाप आणि अजून घटस्फोट न झालेला. तो लग्नाला तयार होता. तिने नकार दिला. त्या वयात, त्या गावात, पोटात मूल असताना दिलेला हा नकार. बालसाहित्याच्या इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही, पण माझ्या मते तिची गोष्ट तिथूनच सुरू होते.

ती स्टॉकहोमला गेली आणि शॉर्टहँड-टायपिंग शिकू लागली. तिथे तिला भेटली एवा आंदेन, स्वीडनच्या वकील संघटनेची पहिली स्त्री सभासद. बापाचं नाव न सांगता बाळंत होता येईल असं रुग्णालय शेजारच्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला आहे, हे या वकीलबाईंनीच तिला सांगितलं. ४ डिसेंबर १९२६ रोजी लार्सचा जन्म तिथे झाला. वेळेवर मिळालेली एवढी एक माहिती बाईचं आयुष्य कुठून कुठे नेते, हे सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

बाळाला कोपनहेगनमध्येच मारी स्टीव्हन्स नावाच्या पालक आईकडे ठेवून अॅस्ट्रिड परतली. पुढची तीन वर्षं तिने स्टॉकहोममध्ये टायपिस्टची नोकरी केली. पगार तुटपुंजा. घरून येणाऱ्या खाऊच्या पार्सलचा मोठा आधार. पैसे साठले की आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने रात्रभर प्रवास करायचा, मुलाला काही तास पाहायचं आणि सोमवारी पुन्हा टंकयंत्रापुढे. लार्स बोलायला शिकला तो डॅनिश भाषेत. १९२९ च्या अखेरीला पालक आई आजारी पडली, तेव्हा अॅस्ट्रिडने त्याला आपल्या खोलीवर आणलं. नोकरी आणि मूल एकटीने सांभाळणं जमेना. काही महिन्यांनी तिच्या आईवडिलांनी नातवाला शेतावर नेलं. १९३१ मध्ये तिने स्टूरे लिंडग्रेनशी लग्न केलं, त्यानंतर कुठे मायलेक एका घरात राहू लागले.

हे सगळं माहीत असलं की तिची पुस्तकं वेगळी वाचली जातात. १९५४ चं ‘मिओ, माझ्या मुला’ घ्या. सांभाळायला घेतलेला एक मुलगा, ज्याला त्या घरात कोणी मायेने हात लावत नाही. १९५६ च्या पुस्तकातला रासमुस अनाथालयातून पळतो, कारण त्याला आपलं घर शोधायचं आहे. एकाकी, नकोशा झालेल्या मुलांकडे ती पुन्हा पुन्हा का वळली, हे मी सांगायला नको.

आणि पिप्पी! १९४१ मध्ये न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या मुलीने, कारिनने, हे नाव सहज उच्चारलं आणि गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून अॅस्ट्रिडचा पाय मुरगळला. पडल्या पडल्या तिने ती गोष्ट लिहून काढली. बॉनियर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केलं. १९४५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाच्या स्पर्धेत त्याच पिप्पीला पहिलं बक्षीस मिळालं. नऊ वर्षांची, आई वारलेली, बाप समुद्रात हरवलेला, घरात एकटी राहणारी. स्वतःच्या हातांनी घोडा उचलणारी आणि पोलिसांना चकवणारी. जिच्याकडे पैसाही आहे आणि ताकदही, तरी जी कोणावर सत्ता गाजवत नाही, अशी मुलगी. १९४६ मध्ये एका नामवंत प्राध्यापकाने दैनिकात लेख लिहून या पुस्तकावर कडाडून टीका केली. मुलांनी मात्र ते वाचायचं थांबवलं नाही.

त्याच १९४६ पासून १९७० पर्यंत ती प्रकाशनसंस्थेत बालपुस्तकांची संपादक होती. सकाळी अंथरुणात बसून शॉर्टहँडमध्ये स्वतःचं लिखाण, दुपारी कचेरीत दुसऱ्यांची हस्तलिखितं. १९५२ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती विधवा झाली, पण कामाचा हा क्रम मोडला नाही. पोटासाठी शिकलेलं शॉर्टहँड असं जन्मभर उपयोगी पडलं.

साठीनंतर ती उघडपणे राजकारणात बोलू लागली. १९७६ मध्ये तिच्या उत्पन्नावरचा कर १०२ टक्के झाला, तेव्हा तिने वर्तमानपत्रात एक उपरोधिक परीकथा लिहिली. अर्थमंत्री म्हणाले, बाईंना गोष्टी येतात, हिशेब येत नाही. हिशेब बाईंचाच बरोबर होता! त्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे चाळीस वर्षांचं सरकार गेलं. ती स्वतः त्याच पक्षाची जुनी मतदार, हे विशेष.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९७८ चं भाषण. जर्मन पुस्तक व्यावसायिकांचा शांतता पुरस्कार तिला मिळाला. भाषण आधी वाचून संयोजकांनी सुचवलं, नुसता पुरस्कार घ्या. ती म्हणाली, मग मी येतच नाही. अखेर ती बोलली. त्यात एका आईची हकीकत होती. तिने मुलाला मारण्यासाठी छडी शोधून आणायला पाठवलं. मूल रडत परत आलं. छडी मिळाली नाही, म्हणून आईने फेकून मारावा यासाठी त्याने एक दगड आणला होता. मुलाच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्या आईला आपण काय करतो आहोत ते कळलं. शांततेची बोलणी करणाऱ्यांनी आधी घराकडे पाहावं, हे अॅस्ट्रिडचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांना मारण्यावर, अगदी घरातसुद्धा, बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. कायदा एका भाषणाने होत नाही, त्यामागे पुष्कळांचं काम होतं. पण मुलाच्या बाजूने पाहायची सवय तिच्या पुस्तकांनी तीस वर्षं लावली होती, हेही खरं.

आता आपल्याकडे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये शाळेतल्या माराला बंदी केली. घरातल्या मारावर अशी स्पष्ट बंदी आजही नाही. बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता, अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागता येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१५ चा. जे मिळवायला अॅस्ट्रिडला १९२६ मध्ये दुसऱ्या देशात जावं लागलं, ते आपल्याकडे कागदावर यायला एवढा काळ लागला. आणि वस्तीत अजूनही किती जणींना हा निकाल माहीत आहे?

बाईवरची हिंसा आणि मुलावरची हिंसा एकाच घरात, एकाच हक्काच्या कल्पनेतून चालते. नवऱ्याच्या हाताबद्दल आपण बोलायला शिकलो. आपल्या स्वतःच्या हाताबद्दल बोलणं अवघड आहे. पुढच्या बैठकीत याच विषयावर बोलूया, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना सोबत आणावं. त्यांचं म्हणणं आधी ऐकू.