तीन भिंतींचं गॅरेज



पत्रा ठोकणाऱ्या माणसाला जुन्या गाड्यांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष करून त्याच्यासमोर माईक ठेवणं हे आयोजकांचं धाडस आहे. आमच्या धंद्यात बोलणं कमी आणि आवाज फार. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांत आज दोन तट पडलेत. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, नटबोल्टसुद्धा त्याच सालचा. दुसरा म्हणतो, सांगाडा जुना घ्यायचा आणि मनासारखी कूपे बांधायची: छप्पर खाली, इंजिन दणदणीत, मागची चाकं रुंद. पहिल्याच्या पाठीशी कायदा आहे, दुसऱ्याच्या पाठीशी यूट्यूब. मुंबईच्या गॅरेजांनी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत प्रत्यक्षात काय केलं, हे मात्र दोघंही बघत नाहीत.

आधी जागेचं बोलू. घरच्या गॅरेजात गाडी बांधायची तर घराला गॅरेज हवं. 2016 च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या दिली आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवायची जागा. उघडं पार्किंग त्यात बसत नाही. त्याआधी 31 ऑगस्ट 2010 ला सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिला की, इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ते वेगळं विकता येणार नाही. ही पांचाली सोसायटी आपल्या दहिसरची. निकाल फ्लॅटवाल्यांच्या हिताचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की खांबांमधली ती जागा सगळ्या सोसायटीची. तिथे गाडी उभी करता येते, खोलता येत नाही. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं की दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आपलं नाव. नवरात्रात रात्री स्पीकर चालतो, रविवारी दुपारी ग्राइंडर चालत नाही. पण वेल्डिंगबद्दल सेक्रेटरी ओरडतो तेव्हा तो बरोबर असतो, हेही अध्यक्ष म्हणून सांगायला हवं. शेजारी पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या वीस गाड्या उभ्या असताना ठिणग्या उडवणं हा शुद्ध अविचार आहे.

खरी तीन भिंतींची गॅरेजं उपनगरांत होती. मुलुंडच्या बंगल्यांच्या कडेला होती, पार्ल्यात होती, बोरिवलीच्या आयसी कॉलनीत होती, आंबोली-मरोळच्या गावठाणांत घराला लागून पत्र्याची शेड असायची. पुनर्विकासात बंगला गेला की पहिलं गेलं ते गॅरेज. आज हौशी माणूस वसई किंवा भिवंडीकडे गाळा घेतो आणि शनिवार-रविवार तिकडे जातो. म्हणजे नावाला घरचं गॅरेज, पण घरापासून दीड तासावर.

आता ज्या गाडीच्या नादाने तरुण मुलं आपल्याकडे येतात तिच्याकडे वळू. 1932 मध्ये फोर्डने सर्वसामान्यांना परवडेल अशी व्ही-एट इंजिनाची गाडी काढली. इंजिन 3.6 लिटरचं, ताकद 65 अश्वशक्ती. आज आपण हसू, पण त्या काळी त्या किमतीत हे बळ कुणी देत नव्हतं. पुढे तीच गाडी जुनी होऊन मातीमोल झाली. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तिचे मडगार्ड उतरवले, वजन कमी केलं आणि मुरॉकच्या कोरड्या तलावाच्या सपाट तळावर ती पळवली. युद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रांत हात बसलेल्या तरुणांनी हे वेड वाढवलं आणि जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

त्या 1932 च्या फोर्डमध्ये एक सोय होती. खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस आणि वर बोल्टांनी कसलेली बॉडी. बोल्ट काढले, चार जणांनी उचललं, बॉडी बाजूला. काचा सपाट. खिडक्यांचे खांब जवळपास सरळ उभे, त्यामुळे छप्पर कापून तीन इंच खाली घेतलं तरी वरचा तुकडा खालच्यावर बऱ्यापैकी बसायचा. आणि शहाण्या पोरांनी इंजिनाच्या आधी ब्रेक बदलले. 1932 च्या फोर्डला सळ्यांनी ओढायचे ब्रेक होते. 1939 मध्ये फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि लगेच ते काढून जुन्या गाड्यांना बसवणं सुरू झालं. हे मी मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा पहिल्यांदा इंजिनाचं विचारतो. ब्रेकचं विचारणारा विरळा.

आपल्या हाताशी काय आहे? फियाट. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेली. तिथे आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या गेल्या, मग इटलीची फियाट आली. 1954 च्या सुमाराची फियाट 1100, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. तिला आपल्या लोकांनी ‘डुक्कर’ म्हटलं आणि ते नाव आज देशभरचे संग्राहक कौतुकाने घेतात. नंतरची डिलाइट, आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन सगळ्यांचं 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. जिथे या गाड्या बनल्या तिथे आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी गेली.

या फियाटवर अमेरिकन पद्धत चालत नाही. का, ते नीट समजून घ्या. फियाटला वेगळी चेसिसच नाही. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर हे सगळं मिळून गाडीचं बळ. डब्याच्या वरची कड कापली की डबा हातात दबतो, तसं छप्पर उतरवलं की ही गाडी मधून लवते. तरुण मुलगा कटर चालवतो, छप्पर काढतो, संध्याकाळी बघतो तर एकही दरवाजा लागत नाही. म्हणून कापण्याआधी दोन्ही खांबांमध्ये आडवे-तिरके लोखंडी पाइप वेल्ड करून गाडी बांधून घ्यायची, दरवाज्यांच्या फटी मोजून लिहायच्या आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. समोरची काच वक्राकार, खांब कललेले. टफन्ड काच तर कापताच येत नाही, कटर लागला की तिचे दाणे होतात. लॅमिनेटेड काच करवून घ्यावी लागते.

फ्लोअरचं काम त्याहून अवघड, कारण ते दिसत नाही. वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली फियाट वरून चकचकीत असली तरी मॅट उचलून डिसमिस टोचला की तो आरपार जातो. तिथे नवा पत्रा घालताना वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा ताणतो आणि फुगतो. नवशिका फुगलेल्या जागी जोरजोरात ठोकतो, मग पत्रा अजून ताणतो. जाणकार माणूस बोटाच्या पेराएवढा ठिपका लाल करतो, खाली डॉली धरतो, हातोडीचे दोन-तीन हलके ठोके देतो आणि वर ओलं फडकं दाबतो. पत्रा आक्रसतो, टण्ण आवाज येतो. मग शेजारचा ठिपका. तळहाताएवढी जागा सरळ करायला सकाळ जाते. हे न करता वर बोटभर लांबी भरून रंग मारणारे आमच्यातही आहेत. दुसऱ्या पावसाळ्यात लांबीला तडा जातो आणि खालून गंज डोकावतो.

आता इतिहासाकडे. मुंबईचे मेस्त्री मूळ गाडी जशीच्या तशी जपत बसले नाहीत, त्यांना ते परवडतच नव्हतं. आयातीवर बंधनं, सुटे भाग मिळेनात, आणि 1973 नंतर पेट्रोल भडकलं. मोठ्या डॉज-प्लिमथच्या बॉनेटखाली डिझेल इंजिनं बसली. त्यासाठी नवे माउंटिंग, कापून जोडलेला प्रोपेलर शाफ्ट, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर काढलेली ॲडाप्टर प्लेट, हे सगळं ड्रॉइंगशिवाय, खडूने जमिनीवर आखून झालं. कलिन्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून एका गाडीचा भाग उचलायचा आणि दुसरीला बसवायचा, हीच पद्धत. अमेरिकेत हेच काम वेगाच्या हौसेपोटी झालं, आपल्याकडे डिझेलच्या भावापोटी. कारागिरी तीच.

आणि महाराष्ट्रात गाडी अगदी शून्यातून बांधणारा माणूसही होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शालेय शिक्षण बेताचं. स्वातंत्र्याच्या आसपास त्यांनी छोटी मोटार बांधायला घेतली, पुढच्या काळात एकामागून एक नमुने बनवले आणि गाडीचं नाव ठेवलं ‘मीरा’. ती गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्यात कधी बनली नाही. वालचंदांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि असायलाच हवं. शंकररावांचं नाव या सभागृहातल्या किती तरुणांनी ऐकलंय?

कायद्याचं सांगतो आणि आटोपतं घेतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, वापर प्रदर्शन आणि रॅलीपुरता. म्हणजे 1974 ची पद्मिनीसुद्धा 2024 मध्ये पन्नाशीला पोचली, तिला आता हा मान मिळू शकतो. पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणजे आपल्या उस्तादांनी डिझेल इंजिन बसवून जगवलेली डॉज या व्याख्येत सहजी बसणार नाही, आणि घरी बांधलेली कूपे तर नाहीच नाही.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपांसारख्या गाड्या कुणीही कशाही बांधून रस्त्यावर आणल्या तर ब्रेक कुणी तपासायचे? पण बंदी आणि मोकळीक यांच्यामध्येही वाट असते. ब्रिटनमध्ये 2025 पर्यंत गुणांची पद्धत होती. मूळ चेसिस असेल तर 5 गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, इंजिनाला फक्त 1. आठ गुण भरले तर जुनी ओळख कायम. न भरले तर गाडीची सुरक्षेची कडक तपासणी आणि ‘क्यू’ अक्षराचा नंबर. बघणाऱ्याला नंबरावरूनच कळायचं की ही बांधलेली गाडी आहे. इंजिनाला तिथे एकच गुण होता, हे आपल्या डिझेलवाल्या डॉजच्या मालकांनी ध्यानात ठेवावं. अशी तपासणी करून मर्यादित वापराची परवानगी देणारा वर्ग आपल्याकडेही व्हावा, अशी मागणी या मेळाव्याने ठरावाच्या रूपात करावी. अंधेरी, बोरिवली, वडाळ्याच्या आरटीओंमधून ती वरपर्यंत जाऊ दे. तोवर बदललेली गाडी खाजगी आवारातच चालवा. रात्री दोन वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नेऊन बघण्याचा मोह आवरा.

दोन्ही तटांना माझं सांगणं आहे. बांधणाऱ्यांनो, धडधाकट डुक्कर फियाट कापू नका. तशा थोड्या उरल्यात. ज्या गाडीचा फ्लोअर गेला, इंजिन गेलं, कागद गेले, जी उद्या भंगारात जाणार, तिच्यावर तुमची कूपे बांधा. आणि जपणाऱ्यांनो, कुणा मेस्त्रीने पन्नास वर्षांपूर्वी केलेला बदल पुसून टाकण्याची घाई करू नका. पुसायचाच असेल तर आधी नोंदवा. मूळ काय, बदललेलं काय, कधी, कुठे, कुणाच्या हातून, हे लिहिलेली गाडीची वही आपल्याकडे बहुतेक गाड्यांना नाही. आरटीओसमोर, विमा कंपनीसमोर, उद्याच्या त्या तपासणीसमोर याच वहीचा उपयोग होणार आहे.

तेव्हा विनंती एवढीच. इथून गेल्यावर शंभर पानी वही घ्या. गाडी खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख टाका, मापं लिहा. आणि ज्याने पत्रा ठोकला, ज्याने शाफ्ट जोडला, त्याला विचारून त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पहिल्या पानावर लिहा.