वाचा गेली तरी माणूस तोच



अर्धांगवायूने हात-पाय लुळे पडले तर ते आपल्याला दिसते. शब्द गेले, तर मात्र माणूसच गेला असे आपण धरून चालतो. या विकाराला वाचाघात म्हणतात. झटक्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तो होतो.

पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षे होता. त्याला 'तां' एवढाच उच्चार करता येई, म्हणून सारे त्याला 'तां' म्हणत. इतरांचे बोलणे मात्र त्याला बहुतेक कळत असे. १८६१ साली तो वारल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. म्हणजे बिघाड भाषेत होता, बुद्धीत नव्हे.

आपल्या घरांत काय घडते ते पाहा. शेताची वाटणी, मुलीची सोयरीक, दुकानाचा हिशेब, सारे वडिलांच्या देखत ठरते. पण त्यांना कोणी विचारत नाही. हळूहळू मित्रही येईनासे होतात. हे एकाकीपण आणि त्यातून येणारी उदासी जगणे अधिक कठीण करते.

पाटी-पेन्सिल दिली की काम भागले असे नाही, कारण लिहिणे-वाचणेही बिघडलेले असते. काहींना तर दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही. म्हणून रेडिओ बंद करा, समोर बसा आणि त्यांच्या घरच्या बोलीत लहान वाक्ये बोला. ओरडू नका; ते बहिरे नाहीत. 'हो' किंवा 'नाही' अशी मानेने उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारा, वस्तू दाखवा. शब्द अडला तर घाईने पुरवू नका, थांबा. पुष्कळदा अंक, पाठ असलेली प्रार्थना, जुने गाणे सहज ओठांवर येते. त्याला प्रोत्साहन द्या.

वाचा-उपचार लवकर सुरू करावेत. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक होते, तरी पुढे वर्षानुवर्षेही होऊ शकते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या विद्येचे शिक्षण मिळते. आपल्या मुला-मुलींनी या व्यवसायाचा जरूर विचार करावा.

मोहल्ल्यात असे कोणी असतील तर नुसता सलाम करून पुढे जाऊ नका. दहा मिनिटे बसा, त्यांचा सल्ला विचारा आणि उत्तराची वाट पाहा.