रिकाम्या डबीचा हिशेब



एचआयव्हीची लागण झाल्यावर घ्यायची औषधं आता बहुतेकांना ऐकून माहीत आहेत. सरकारी एआरटी केंद्रातून ती मोफत मिळतात. आज मी बोलणार आहे ती गोळी मात्र लागण न झालेल्या माणसानं, लागण होऊ नये म्हणून घ्यायची. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं तिच्यात एकत्र असतात. तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती रोज नेमानं घेतली, तर विषाणू शरीरात शिरला तरी त्याला मूळ धरता येत नाही. या उपायाला थोडक्यात 'प्रेप' म्हणतात.

ही गोळी बायकांचं किती रक्षण करते, हे पाहायला आफ्रिकेत मोठे अभ्यास झाले. त्यांतला एक फेम-प्रेप. केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २,१२० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना औषधाची गोळी आणि निम्म्या जणींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाच्या वाट्याला कोणती आली, हे ना तिला ठाऊक, ना तिला तपासणाऱ्याला. एप्रिल २०११ मध्ये हा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. औषधाच्या गटात ३३ जणींना लागण झाली होती आणि दुसऱ्या गटात ३५ जणींना. फरक असा काही उरलाच नव्हता. 'व्हॉइस' नावाचा आणखी मोठा अभ्यासही झाला, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रियांचा. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेही असेच निराश करणारे.

आणि गंमत नव्हे, कोडं असं, की याच गोळीनं केनिया-युगांडातल्या जोडप्यांमध्ये लागण ७५ टक्क्यांनी कमी केली होती. नवरा-बायकोपैकी एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी ती जोडपी. तिथं लागू पडलेलं औषध इथं का पडू नये?

उत्तर रक्तात सापडलं. फेम-प्रेपमधल्या ९५ टक्के स्त्रियांनी आपण गोळ्या नेमानं घेतो असं सांगितलं होतं. रक्त तपासलं, तेव्हा नुकतीच गोळी घेतल्याची खूण चाळीस टक्क्यांहूनही कमी जणींत मिळाली. व्हॉइसमध्ये परत आलेल्या डब्यांतल्या गोळ्या मोजल्या जात. त्या मोजणीनं सुमारे नव्वद टक्के गोळ्या घेतल्या गेल्याचं दिसत होतं. रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडलं ते तीस टक्क्यांच्या आसपास.

यावर अनेकांनी पटकन निकाल दिला: बायका खोटं बोलल्या. मला हा निकाल मान्य नाही, आणि का नाही, ते सांगण्यासाठीच मी आज माइकसमोर आले आहे.

नंतर संशोधकांनी व्हॉइसमधल्या काही स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या रक्ताचे अहवाल दाखवले आणि शांतपणे विचारलं, नक्की काय झालं? मग बोलणं सुरू झालं. हीच औषधं एचआयव्ही झालेली माणसं घेतात; घरात कुणी डबी पाहिली तर मलाच रोग आहे असं म्हणतील. धडधाकट शरीरात रोज औषध कशाला, उलट त्यानंच आजार लागला तर? घरचे म्हणाले, टाकून दे. काही जणी तपासणीच्या तारखेआधी उरलेल्या गोळ्या फेकून देत. खरं सांगितलं तर अभ्यासातून काढून टाकतील, अशी अनेकींना भीती होती. आणि काढून टाकलं तर तिथली तपासणी आणि देखभालही हातची जाणार.

हे ऐकताना मला सोलापूरच्या पूर्व भागातली घरं डोळ्यांसमोर येतात. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली तेंदूपानं, हातात कात्री. हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात द्यायच्या म्हणून मान वर न करता चाललेलं काम. आशाताई दारात येते. 'रक्तवाढीच्या गोळ्या घेताय ना?' 'घेतो की!' आतल्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं, पाकीट जसंच्या तसं. त्या गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि सासू म्हणते पोरगं मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल. ती बाई ताईला फसवत नसते. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत आहे. शिवाय 'नाही घेतली' म्हटलं की पुढं उपदेश ऐकावा लागणार, हेही तिला पाठ असतं. त्यात लोहाच्या गोळीला निदान बट्टा नाही. एचआयव्हीच्या गोळीचं पाकीट एका खोलीच्या घरात, सहा माणसांच्या नजरेखाली, ती कुठं ठेवणार?

आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत जड वाटतं. फेम-प्रेपमधल्या सुमारे सत्तर टक्के स्त्रियांना वाटत होतं की आपल्याला लागणीचा धोका नाही किंवा फारच थोडा आहे. आपल्याकडेही याहून वेगळं नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रीशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रिया त्यांनी तपासल्या. त्यांतल्या १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशी आला होता. त्या काळात यांपैकी कुणाला कुणी रोज एक गोळी घ्यायला सांगितली असती, तर तिनं विचारलं असतं, मी कशाला? माझं तर लग्न झालंय.

अशा बायकांच्या हाती स्वतःचा उपाय द्यायचं कामही पुण्यात झालं. तिथं योनीमार्गात लावायच्या जंतुरोधक जेलचे सुरुवातीचे अभ्यास झाले. त्यांतल्या टेनोफोविर जेलच्या अभ्यासात पुणे आणि अमेरिकेतली दोन शहरं मिळून २०० स्त्रिया होत्या. अशा जेलमागची कल्पना ही, की नवरा निरोध वापरत नसेल तर त्याला न सांगता बाईला स्वतःचं रक्षण करता यावं. कल्पना चांगली. पण त्याआधीच्या अशाच एका अभ्यासात पुण्यासह चार शहरांतल्या स्त्रियांशी बोलल्यावर कळलं, की पुष्कळ जणींना नवऱ्याला सांगितलेलंच बरं वाटत होतं. लपवून काही वापरायचं आणि उद्या उघडकीला आलं, तर घरात काय होईल हे त्यांना नीट माहीत होतं. या बायकांना त्यांचं घर संशोधकांपेक्षा चांगलं कळत होतं.

आता दुसरी बाजू. कोलकात्याच्या सोनागाचीत दरबार ही देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना आहे. शेजारच्या कर्नाटकात, मैसूरमध्ये तशीच अशोदया समिती आहे. या दोन्ही ठिकाणी प्रेपचा प्रयोग झाला, कोलकात्यात ६७८ आणि मैसूरमध्ये ६४७ स्त्रियांचा. गोळ्या येण्याआधी वस्तीत बैठका झाल्या, गोळीबद्दलच्या शंका आणि अफवा तिथंच चर्चेला आल्या. आठवण करून द्यायला येणारी बाई त्यांच्यातलीच. कोलकात्यात काही जणींचं रक्त तपासलं, तेव्हा तिसऱ्या महिन्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक आणि सहाव्या महिन्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जणींत औषध पुरेशा प्रमाणात सापडलं. दोन्ही शहरांत प्रयोगाच्या काळात एकीलाही लागण झाली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि निरोधाचा वापरही आधीपासून चांगला होता, म्हणून सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही. पण गोळी घेतली गेली, हे रक्तानंच सांगितलं. आफ्रिकेतल्या बायका बेफिकीर आणि आपल्याकडच्या शहाण्या, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सोनागाचीतल्या बाईला आपला धोका ठाऊक होता, डबी लपवायची गरज नव्हती आणि विचारणाऱ्या बाईला 'आज नाही घेतली' असं सांगायची भीती नव्हती.

आता गोळीऐवजी इंजेक्शन आलं आहे, लेनाकापाविर. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच अभ्यासात रोजची गोळी दिलेल्या गटांत मात्र लागण झाली, आणि गोळ्या तिथंही नेमानं घेतल्या गेल्या नव्हत्या. हे औषध स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. भारतातल्या दोन कंपन्यांनी ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचं जाहीर केलं आहे.

इंजेक्शनला डबी नाही, फळी नाही, खुळखुळणाऱ्या गोळ्या नाहीत. पण दर सहा महिन्यांनी दवाखान्यात यावं लागेल. विड्यांवर पोट असलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडेल. ती ज्या रांगेत उभी राहील, त्या रांगेवर एचआयव्हीची पाटी असेल तर ती येणार नाही. म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे: हे औषध सोलापुरात येईल तेव्हा दवाखान्याची वेळ, जागा आणि पाटी ठरवायच्या बैठकीत या बायकांना आधी बसवा.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी १०९७ या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत आहे. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रातही माहिती मिळते, तपासणी मोफत होते आणि तुमचं नाव कुणाला कळवलं जात नाही.