आवाज आणि ओढ

आमच्या तलवाड्याची देवी त्वरिता. देवीच्या नावातच घाई आहे, पण गावाला कधी घाई नव्हती. गेवराईची एस.टी. येईल तेव्हा यायची आणि बैलगाडी आपल्या चालीनं चालायची. अशा या गावात माझा भाचा गेल्या ईदला पुण्याहून स्वतःची मोटार घेऊन आला आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकला.

मोटार म्हणजे २००२ सालची होंडा सिटी. ज्यांना गाड्यांचं वेड नाही, त्यांना ती चार दारांची साधी घरगुती गाडी वाटेल. वेड असणाऱ्यांच्या लेखी मात्र तिचा मान वेगळा आहे. दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ अश्वशक्ती. इंजिनाचा वेग वाढला की झडपा जास्त उघडायला लागतात. म्हणजे सावकाश चालताना गाडीचा एक स्वभाव आणि जोरात पळताना दुसरा. टोयोटाची सुप्रा, निसानची स्कायलाइन अशा जपानी स्पोर्ट्स कार पडद्यावर बघून ज्यांचा जीव तिकडं गेला, पण खिसा इकडंच राहिला, अशा कितीतरी मुलांनी ही जुनी सिटी आपली मानली. माझा भाचा त्यांतलाच. चाकणला कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गाडीखाली झोपलेला असतो. त्यानं रुंद टायर घातले, सायलेन्सर बदलला आणि गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून स्प्रिंगांचे वेढे कापून ती खाली बसवली.

पुण्याच्या रस्त्यावर ती दिसायला झकास असेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र लोकांनीच घातलेला एक उंच गतिरोधक आहे. गाडी त्यावर पोट टेकून बसली. पुढं जाईना, मागं येईना. नव्या कपड्यांतल्या सहा जणांनी ती उचलली. शेजारचे एक म्हातारबाबा ओट्यावरून म्हणाले, “आरं, गाडी तुला आणती का तू गाडीला आणतूस?” सगळे हसले. मीही हसलो. भाचा मात्र खाली मान घालून गाडीखाली काय घासलं ते बघत होता. त्याचा तो चेहरा पाहिला आणि माझं हसू थांबलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी तो माझाच होता.

माझ्या नशिबी मोटार नव्हती. माझी जपानी गाडी दोन चाकांची, यामाहा आर.एक्स. १००. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, कविता करत होतो आणि दोन एकर कापूस बघत होतो. १९९४ साली कापसाच्या पैशातून मी ती जुनी गाडी घेतली. ९८ सी.सी.चं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. हे आकडे आज कुणाला मोठे वाटणार नाहीत. पण अंगानं हलकी आणि ओढीला जबर अशी ती गाडी होती. १९८५ साली एस्कॉर्ट्स कंपनीनं ती यामाहाच्या सहकार्यानं भारतात आणली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. जेमतेम अकरा वर्षं. पण आजही आमच्या भागात एखादी आर.एक्स. गल्लीतून गेली तर पोरं न बघता, नुसत्या आवाजावरून तिचं नाव सांगतात.

या आवाजाची एक गंमत मला फार उशिरा कळली. यामाहा हे मूळचं वाद्यं करणारं घर. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावात शाळेतली पायपेटी बिघडली. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिरानं ती दुरुस्त केली आणि मग स्वतःच पायपेट्या बनवायला सुरुवात केली. त्यातून पुढं पियानो आले आणि १९५५ साली मोटारसायकल आली. त्यांची ती पहिली गाडी १२५ सी.सी.ची, टू-स्ट्रोकच. तिचा तांबूस रंग पाहून लोक तिला ‘लाल चतुर’ म्हणायचे. पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडं उडतो तोच चतुर. या घराची खूण आजही तीन नादकाटे अशी आहे. पुढं १९६७ साली टोयोटानं यामाहाबरोबर ‘२००० जीटी’ नावाची स्पोर्ट्स कार काढली. तिच्या आतलं लाकूडकाम यामाहाच्या वाद्यं करणाऱ्या विभागानं केलं होतं. अशा गाड्या साडेतीनशेच्या आसपासच निघाल्या.

पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना आपण रीड म्हणतो. हवा गेली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. माझ्या आर.एक्स.मध्येही कार्ब्युरेटरच्या पुढं पातळ पापण्यांसारखी एक झडप असते. तिचंही नाव रीडच. इंजिनानं श्वास आत घेतला की ती उघडते आणि श्वास उलटा फिरू लागला की मिटते. पेटीची आणि फटफटीची अशी ही सोयरीक.

पण १९९५ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की गाडीचा आवाज मोठा झाला पाहिजे. मी सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकली. हवा जास्त जावी म्हणून एअर फिल्टरही काढला. आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी दोनदा बजावलं, “पोरा, हवा वाढवलीस तर पेट्रोलही वाढवावं लागेल. कार्ब्युरेटरचा जेट बदल.” जेटला पैसे लागत होते आणि आवाज फुकट मिळत होता. गाडी गावात शिरली की वेशीपासून कळायचं. कवितेला मिळाली नव्हती तेवढी दाद मला त्या आवाजाला मिळत होती.

टू-स्ट्रोक इंजिनाचं काम मोठं नाजूक असतं. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली गेला की त्या उघडतात. एका खिडकीतून जळालेला धूर बाहेर जातो आणि दुसरीतून पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं. दोन्ही खिडक्या काही क्षण एकदम उघड्या असतात, त्यामुळं ताज्या मिश्रणातलं थोडं धुराबरोबर बाहेर निसटू बघतं. इथं सायलेन्सर कामाला येतो. त्याच्या पोटाचा आकार असा बेतलेला असतो, की धुराबरोबर गेलेली दाबाची लाट आतून परत फिरते आणि निसटणाऱ्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलते. म्हणजे आपण ज्याला नुसतं आवाज दाबणारं डबडं समजतो, तो इंजिनाचाच एक भाग असतो. मी त्यातच हात घातला होता. हवा वाढली, त्या मानानं पेट्रोल कमी पडलं. अशा वेळी इंजिन आतून तापत जातं.

माझे अब्बा नालबंद होते. आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं जातात. त्या निघायच्या आधी गाडीच्या बैलांना पत्र्या मारून घ्याव्या लागतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. दसरा झाला की अब्बांच्या हाताला उसंत नसायची. त्यात त्यांना दमा होता. त्या वर्षी दसऱ्यानंतर एका रात्री त्यांचा दमा असा उसळला, की श्वास आत जाईना. गावात दुसरं वाहन नव्हतं. मी आर.एक्स. काढली, अब्बांना मध्ये बसवलं, मागून शेजाऱ्यानं धरलं आणि आम्ही गेवराईच्या रस्त्याला लागलो.

तिघांचं ओझं होतं, म्हणून मी मूठ पिळतच राहिलो. निम्म्या रस्त्यात आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक जागच्या जागी बसलं. इंजिन सीझ झालं होतं. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. अब्बांना बाभळीखाली टेकवलं. अंधारात त्यांच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. गावभर गाजलेली माझी गाडी शेजारी मुकी उभी होती.

पहाटे एक दूधवाला आला. त्याच्याकडं जुनी राजदूत होती. तिलाही त्यानं बदललं होतंच. कॅन अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, मागं जाड पट्ट्यांचं कॅरिअर. त्यानं काही विचारलं नाही. दुधानं भरलेले कॅन उतरवून माझ्यापाशी ठेवले, अब्बांना आणि शेजाऱ्याला बसवलं आणि तो गेला. उजाडेपर्यंत मी परक्याच्या दुधाची राखण करत बसलो होतो.

अब्बा वाचले. त्यानंतर नऊ वर्षं जगले. मला ते रागावले नाहीत. आठवडाभरानं पुन्हा कामाला बसले, तेव्हा त्यांनी मला आडव्या पाडलेल्या बैलाचा दोर धरायला बोलावलं. अब्बा घरात दखनी बोलायचे, पण गिऱ्हाइकाशी मराठी. धंद्यातलं शहाणपण ते मराठीतच सांगायचे. खुरावर पत्री ठेवत म्हणाले, “पत्री खुराला बसवायची असती. खूर पत्रीला बसवाया गेलं तर बैल लंगडा होतो.” मग खिळा ठोकत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुझ्या गाडीचा आवाज शिवारात ऐकू जायचा. तिला मला गेवराईला नाही नेता आलं.”

मी मराठीत कविता का लिहितो, असं मला लोक विचारतात. माझ्या बापानं मला सांगितलेली सर्वांत खरी गोष्ट मराठीत होती, यापेक्षा दुसरं उत्तर माझ्याकडं नाही.

उस्तादांनी सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकला, फिल्टर परत बसवला आणि मूळचा सायलेन्सर कुठूनसा शोधून आणला. पण गाडी होती तशीच ठेवली, असंही नाही. मागचं चेनचक्र त्यांनी दोन दातांनी मोठं घातलं. त्यामुळं सरळ रस्त्यावरचा वेग थोडा कमी झाला, पण ओझं घेऊन चढ चढायची ओढ वाढली. पुढं अब्बांना दवाखान्यात न्यायचं, खताची पोती आणायची, दोन पोरं शाळेत सोडायची, ही सगळी कामं तिनं केली. तेव्हा कुठं मला कळलं, की गाडीत बदल करणं हा गुन्हा नाही. तो कुणासाठी करतो आणि त्यानं तिचं काय बिघडतं, हे आधी विचारावं लागतं.

पुढच्याच वर्षी प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आर.एक्स. १०० बंद झाली. शौकिनांना अजून त्याची हळहळ वाटते. मलाही तेव्हा वाटली. पण टू-स्ट्रोकच्या धुरात न जळलेलं पेट्रोल असतं, तेल असतं. दम्याच्या माणसाच्या मुलानं त्या निर्णयावर रडू नये, असं मी स्वतःला समजावलं. आता ती मी महिन्यातून एकदा सुरू करतो, गल्लीच्या बाहेर ढकलत नेऊन.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीत असलेला गाडीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली हेच स्पष्ट केलं. कर्कश सायलेन्सरला मोठा दंड होतो आणि अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. पोरं म्हणतात, आमच्या हौसेवर रोलर फिरवला. मला त्यांच्या हौसेचा राग नाही. आजकाल कुणाला आपल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते माहीत नसतं. या पोरांना माहीत असतं. भाच्याला त्याच्या गाडीचा नट न् नट ठाऊक आहे, एका सुट्या भागासाठी तो चार शहरांत फोन करतो. इतकं प्रेम वस्तूवर करता येणं ही लहान गोष्ट नाही. एवढंच वाटतं, की त्या प्रेमाचा त्रास गल्लीतल्या आजाऱ्याला आणि झोपलेल्या बाळाला होऊ नये आणि वेळ आली की गाडीनं माणसाला पोहोचवावं.

ईदच्या संध्याकाळी शिरखुर्मा खात मी भाच्याला ही सगळी हकीकत सांगितली. बाभळीखालची रात्र मी घरात कुणाला पूर्ण सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामू, नाना मला तर म्हणायचे, तुझ्या मामूची गाडी फार चांगली होती.” आता गप्प बसायची पाळी माझी होती.

परवा त्याचा पुण्याहून फोन आला. नव्या, पुऱ्या उंचीच्या स्प्रिंगा बसवल्यात म्हणे. “आणि सायलेन्सर?” मी विचारलं. “मामू, त्याचं बघू की सावकाश.”

बघू. येत्या ईदला गाडी गतिरोधकावरून नीट आली, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ओट्यावरचे म्हातारबाबा बघून घेतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)